होगार्डन: आधी बाटलीवरची तारीख, मग धन्याचा वास

होगार्डन या बेल्जियन विटबिअरची ३३० मिलीची बाटली सोलापुरात घ्यावी का, याचं उत्तर बाटलीवरची तारीख आणि दुकानातला फ्रीज बघितल्याशिवाय देता येत नाही. दोनेक महिन्यांपूर्वी भरलेली आणि थंडच राहिलेली बाटली मिळाली, तर मोजलेल्या पैशाचं चीज होतं. तीच बिअर पाच महिने जुनी असेल आणि त्यातला मे महिना तिने उघड्या रॅकवर काढला असेल, तर धन्याचा आणि संत्र्याच्या सालीचा जो सुगंध तिला साध्या बिअरपासून वेगळं काढतो, नेमका तोच उडालेला असतो. म्हणून इथे दोन्ही तऱ्हेच्या बाटल्या शेजारी ठेवून गुण दिले आहेत. आपल्या हवेत एकाच बाटलीवरून दिलेला निकाल अर्धवट ठरतो.

गुण द्यायचे तर विटबिअर म्हणजे काय ते आधी पक्कं हवं. बेल्जियमची ही गव्हाची बिअर साधारण निम्म्या बार्लीच्या फिकट माल्टपासून (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि निम्म्या गव्हापासून बनते, आणि गहू कच्चाच वापरतात, त्याला मोड आणत नाहीत. काही जण ५ ते १० टक्के ओट्स घालतात, त्याने बिअर तोंडाला मऊ लागते. हॉप्स या कडू फुलांचं काम कडवटपणाचा टेकू देण्यापुरतं, कडवटपणा मोजायच्या आयबीयू या मापात ८ ते २०, बस. उकळी संपायला पाचेक मिनिटं उरली की भरडलेले धने आणि वाळवलेली संत्र्याची साल पडते. २० लिटरला १५ ते ३० ग्रॅम धने पुरतात. तेच धने तासभर उकळले तर सुगंध वाफेवर निघून जातो आणि तुरटपणा तेवढा मागे राहतो. अल्कोहोल ४.५ ते ५.५ टक्के. होगार्डन ४.९ टक्क्यांची आहे, म्हणजे महाराष्ट्रात माइल्ड बिअरच्या रांगेत बसते, आणि ती घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात.

जर्मन व्हाइत्सन ही हिची नातेवाईक नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. व्हाइत्सनमध्ये गव्हाचंही माल्ट असतं, मसाला अजिबात नसतो, आणि केळ्याचा-लवंगेचा वास येतो तो निव्वळ यीस्टमुळे. विटमध्ये केळ्याचा वास ठळक आला, तर ‘फळांचा छान वास’ म्हणून गुण द्यायचे नाहीत.

होगार्डनला मापदंड मानण्यामागे कारण आहे. बेल्जियमच्या फ्लेमिश ब्राबांत प्रांतातल्या होगार्डन गावातली विटची शेवटची भट्टी १९५७ साली बंद पडली आणि हा प्रकार जवळपास संपला. गावात दूध घालणाऱ्या पियेर सेलिसने १९६०च्या दशकाच्या मध्यात ती बिअर पुन्हा बनवायला घेतली. १९८५ साली त्याच्या कारखान्याला आग लागली, उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा आला, आणि आज हा ब्रँड एबी इनबेव या बहुराष्ट्रीय बिअर कंपनीचा आहे. सेलिस पुढे अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला जाऊन तीच बिअर नव्याने बनवू लागला. २०११ साली तो वारला. आज जगभर विट म्हणून जे काही ओतलं जातं, ते बहुतेक त्याच्याच पाककृतीच्या वाटेने आलेलं आहे.

आता बिअर शॉपीत. ब्रुअरीवाले शिळेपणाचा एक ठोकताळा वापरतात: ३-३०-३००. ३२ अंशांवर तीन दिवस, २२ अंशांवर तीस दिवस, ३ अंशांवर तीनशे दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच जुनी होते. सोलापुरात मार्च ते पहिल्या पावसापर्यंत बिनएसीचं गोदाम दिवसा ३२ अंशांच्या खाली येणं अवघड. एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा ४२-४३ वर असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. स्ट्राँग लागर अशात तग धरल्यासारखी वाटते, कारण तिच्यात हरवण्यासारखा नाजूक वास मुळात कमी असतो. विटचं भांडवलच तो वास आहे.

म्हणून बाटली हातात घेतली की ब्रँडच्या आधी उत्पादनाची तारीख वाचायची. ‘बेस्ट बिफोर’ पुढे असली म्हणजे झालं असं नाही. ती बिअर पिण्यालायक आहे एवढंच त्यातून कळतं, चव शाबूत आहे हे कळत नाही. तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या. चार महिने उलटले असतील आणि उन्हाळा असेल, तर सोडून द्या. भारतात मिळणारी होगार्डन आता इथेच बनते, त्यामुळे ताजी बाटली मिळणं अशक्य नाही. जहाजातून येण्याचे महिने वाचतात. फ्रीजच्या पुढच्या रांगेत बहुधा जुना माल लावलेला असतो. ‘दादा, जरा मागची दाखवा, तारीख बघतो’ म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. झाकणाच्या कडेला गंज, मानेवर सुकलेला चिकट ओघळ किंवा शेजारच्या बाटल्यांपेक्षा कमी भरलेली पातळी दिसली, तर झाकण नीट बसलेलं नाही असं समजायचं. काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये ट्यूबलाइटला खेटून ठेवलेलीही टाळा. प्रकाशाने हॉप्समधल्या कडू द्रव्यांचं विघटन होऊन उग्र, गंधकी वास सुटतो. तपकिरी काच बरंच अडवते, हिरवी फार कमी, पांढरी काहीच नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. थंड बाटली एकदा गरम झाली आणि पुन्हा थंड केली की बिअर लगेच खराब होते, असं नाही. किती वेळ आणि किती उष्णतेत राहिली, त्यावर सगळं ठरतं. शॉपीतून घरापर्यंतच्या वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. पण दुपारी कामं उरकेपर्यंत बाटली बंद गाडीच्या डिकीत ठेवली, तर त्या दोन-तीन तासांची किंमत मोजावी लागते. ओल्या टॉवेलात गुंडाळली तरी बराच फरक पडतो, आणि सोलापुरात टॉवेलाला तोटा नाही.

घरी बाटली फ्रीजच्या आतल्या कप्प्यात उभी ठेवायची, दारात नको. प्यायच्या वेळी ती ४ अंशांच्या आसपास असेल. चव तपासायला ७-८ अंश बरे. मेमध्ये खोलीत पाच-सात मिनिटं ठेवली की पुरते, डिसेंबरच्या संध्याकाळी पंधरा मिनिटं लागतात. बर्फगार ग्लास मात्र नकोच. जीभ बधिर होते, वास वर येत नाही, आणि ग्लासात गोठलेल्या पाण्यामुळे फेस आधी बेसुमार उसळतो नि मग बसतो. उन्हात तहान भागवायला थंडगार प्यायची तर खुशाल प्या. पण त्यावरून बिअरला गुण देऊ नका.

ग्लास जाड, सहा कडांचा रुंद टंबलर असेल तर उत्तम, नसेल तर साधा मोठा काचेचा पेला चालतो. स्टीलचा नको, रंग आणि गढूळपणा दिसत नाही. घासताना भांड्यांचा साबण आणि तेलकट घासणी यांचा अंश राहिला की फेस मिनिटाभरात मरतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिंबाची फोड फिरवून धुवा, मग साध्या पाण्याने खळखळून काढा आणि उपडा ठेवून निथळू द्या. फडक्याने पुसू नका, त्याचे धागे आणि वास लागतात. काच स्वच्छ आहे का हे ओलं करून कळतं. पाण्याचा अखंड पापुद्रा धरला तर स्वच्छ, थेंब-थेंब तुटले तर तेल आहे.

ओतणं सोपं आहे, पण नेमकं इथेच चुकतं. ग्लास तिरपा धरून दोन तृतीयांश बाटली ओता. थांबा. उरलेली बिअर बाटलीतच गोल गोल फिरवा, तळाचा यीस्टचा साका वर येईल, आणि मग ती सरळ मध्यभागी सोडा. हा साका टाकून दिला तर विटचा गढूळपणा, मऊपणा आणि यीस्टचा वास, तिन्ही बाटलीत राहतात. बाटली जोरजोरात हलवून मग उघडणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने गॅस निघून जातो आणि अर्धी बिअर टेबलावर येते.

ताज्या बाटलीचा रंग फिकट, पेंढ्याच्या जवळचा. कुरडईचा चीक पाण्यात सैल केला की जसा दुधाळ पांढरेपणा येतो, तसा तो उजेडात दिसतो, आणि कारणही तेच आहे, कच्च्या गव्हातली प्रथिनं आणि स्टार्च. फेस पांढरा, बारीक, दोन बोटं उंच. पाच मिनिटांनीही ग्लासाच्या कडेला त्याची जाळी टिकली होती. जुन्या बाटलीत रंग एक छटा गडद, सोनेरीकडे झुकलेला. गढूळपणा होता, पण त्यात बारीक कण तरंगताना दिसत होते. इतका वेळ पडून राहिल्यावर प्रथिनांचे गोळे बनू लागतात. हलवून ते मोडत नाहीत.

वास घेण्याआधी नाक तयार करा. आपल्या स्वयंपाकघरात त्याची सोय आहे. एका वाटीत अर्धा चमचा कच्चे धने खलबत्त्यात जेमतेम फोडून ठेवा. भाजलेले नकोत, भाजल्यावर लिंबाचं अंग जाऊन खमंगपणा येतो, तो या बिअरमध्ये नसतो. दुसऱ्या वाटीत संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग किसून, आतला पांढरा पापुद्रा न घेता. तिसरीत एकच लवंग. आधी वाट्या हुंगा, मग दहा सेकंद स्वच्छ हवा, मग ग्लास. ग्लासावर तळहात ठेवून हलकेच फिरवा, हात काढा आणि आखूड श्वास दोन-तीनदा घ्या. लांब श्वासाने नाक लवकर थकतं.

धन्याचा मुद्दा जरा सावकाश घेण्यासारखा आहे, कारण विटचा खरा कस तिथे लागतो. धन्याच्या तेलात मुख्य घटक लिनॅलूल. फुलांच्या जवळ जाणारा, किंचित लिंबासारखा वास त्यामुळे येतो. भारतीय धने लांबट, फिकट पिवळे आणि लिंबाकडे झुकणारे असतात, मोरोक्कोचे गोल, तपकिरी आणि जास्त मसालेदार. बिअर बनवणाऱ्यांत विटसाठी आपल्या धन्याला पसंती देणारे बरेच आहेत. धने जुने, चुकीच्या जातीचे किंवा प्रमाणाबाहेर असतील तर बिअरला सेलरीच्या देठाचा, खारवलेल्या मांसाचा किंवा साबणाचा वास येतो. सोलापूरच्या घरात वर्षाचा मसाला करताना धने हुंगून, दाताखाली फोडूनच घेतात. ज्याने ती पारख बघितली आहे, त्याला ग्लासातले जुने धने ओळखायला वेगळं शिक्षण लागत नाही.

ताज्या होगार्डनमध्ये संत्र्याची साल आधी येते, धने पाठोपाठ, लवंग अगदी मागे, आणि तळाशी ओल्या कणकेचा वास. साल थोडी गोडसर वाटते. कडू संत्र्याची धार अजून असती तर आवडली असती. धन्याचं प्रमाण मात्र नेमकं आहे. जुन्या बाटलीत संत्रं मुरांब्यासारखं शिजलेलं लागलं, धने शोधावे लागले, आणि ग्लास बाराएक अंशांवर आल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास स्पष्ट झाला. तो ऑक्सिजनमुळे येतो आणि उष्णतेने त्याला गती मिळते. दोष थंडीत लपतात, म्हणून शेवटचा चौथा हिस्सा ग्लासात ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा हुंगणं चुकवू नका.

चवीला पहिला घोट मोठा घ्या, तोंडभर फिरवा. ताज्या बाटलीत सुरुवात हलकी गोड, मध्ये गव्हाचा आंबूसपणा, शेवट कोरडा असायला हवा होता तो किंचित गोडाकडे रेंगाळतो. कडवटपणा जवळजवळ नाही, आणि तो नसणंच बरोबर. गॅस भरपूर, बारीक बुडबुड्यांचा, जिभेला टोचत नाही. पहिल्या दोन घोटांत ती पातळ वाटू शकते. स्ट्राँगची सवय असलेल्यांना हमखास. पण विटला जडपणा शोभतच नाही. जुन्या बाटलीत आंबूसपणा दबलेला, गोडवा मधासारखा आणि शेवटी एक बोथट तुरटपणा, घोट संपल्यावर घशात राहणारा.

इतर दोषांपैकी काही बाटलीच्या वयाशी नव्हे, कारखान्यातल्या किंवा नळावरच्या कामाशी जोडलेले असतात. लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल, यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळालेला नाही, किंवा ड्राफ्टच्या नळ्या अस्वच्छ आहेत. उकडलेल्या मक्याचा वास फिकट माल्ट पुरेसं न उकळल्याने येतो. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर घाईने भरली. दवाखान्यातल्या पट्टीचा वास आला तर पाण्यातला किंवा धुण्यातला क्लोरीन फेनॉलशी (बिअरमधलं लवंगेसारख्या वासाचं द्रव्य) जुळलाय. लवंग चालते, हा वास चालत नाही. आंबूसपणा चिंचेइतका तीव्र झाला तर जिवाणू शिरलेत. यातलं काहीही बाटलीत आलं तर छापील बॅच क्रमांकाचा फोटो काढून ग्राहक सेवेला पाठवा. बॅचशिवाय केलेल्या तक्रारीचा माग लागत नाही.

गुण बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या पद्धतीने. ताजी बाटली: सुगंध १२ पैकी ९, रूप ३ पैकी ३, चव २० पैकी १४, तोंडातला पोत ५ पैकी ४, एकूण ठसा १० पैकी ७. बेरीज ३७. त्या मोजपट्टीवर ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’, ३८ पासून ‘उत्कृष्ट’. ही उंबरठ्यावर थांबते, शेवटच्या गोडव्यापायी. जुनी बाटली: ५, २, १०, ३, ५, म्हणजे २५. पाककृती एकच, कंपनी एकच, आणि मध्ये बारा गुणांची दरी. ती पडते गोदामात.

बारमध्ये ग्लासाच्या कडेला लिंबू-मीठ लावून देण्याची पद्धत आहे. विटला ते लावू देऊ नका, आधीच सांगा. मिठाने गॅस सुटतो, लिंबाचा आंबटपणा गव्हाच्या आंबूसपणाला गिळून टाकतो, आणि सालीचं तेल फेस मारतं. संत्र्याची चकती घालण्याची सवय अमेरिकेत ब्लू मून या बिअरमुळे रुजली. जुनी बाटली असेल तर ती चकती तिचा शिळेपणा झाकते, ताजीला तिची गरज नाही.

खाण्याचं सांगायचं तर चव तपासून होईपर्यंत शेंगा चटणी दूर ठेवा. त्यातला लसूण नाकातून अर्धा तास हलत नाही. जीभ कोरी करायला बिनतिळाची कडक भाकरी आणि साधं पाणी पुरतं, परदेशी परीक्षक बिस्किटं वापरतात त्याहून काडीइतकंही उणं नाही. गुण लिहून झाले की मात्र चटणी घ्याच. शेंगदाण्याचं तेल गॅसने धुतलं जातं, आणि कडवटपणा कमी असल्याने तिखट भडकत नाही. आयपीए या भरपूर हॉप्सच्या कडू बिअरबरोबर तीच चटणी घशाला जाळते. उजनीचा मासा कमी मसाल्यात तळलेला असेल तर जोडी उत्तम, लिंबाऐवजी बिअरच काम करते. डिसेंबर-जानेवारीत कोवळा हुरडा आणि ताजी विट यांच्याइतकी जुळणारी गोष्ट या जिल्ह्यात सापडणं कठीण, फक्त हुरड्याबरोबरची लसणाची चटणी बेताने. काळ्या मसाल्याच्या मटणापुढे मात्र ही बिअर टिकत नाही. तिथे गडद माल्टची काहीतरी हवी.

होगार्डन ताजी मिळाली नाही तर पर्याय आहेत. बिरा व्हाइट २०१५ साली बाजारात आली. धने सौम्य, गोडवा जास्त, गव्हाचा आंबूसपणा कमी. पहिल्यांदा गव्हाची बिअर घेणाऱ्याला ती सोपी जाते, विट शिकायला मात्र अपुरी पडते. छत्तीसगडची सिंबा विटही जिथे दिसेल तिथे तारीख बघून घ्यावी. नियम तोच: दोन महिन्यांची दुय्यम विट पाच महिन्यांच्या होगार्डनपेक्षा सरस. आणि विट ताजी असताना कशी लागते हे एकदा नीट कळावं असं वाटत असेल, तर पुण्याला गेल्यावर जागेवरच बिअर बनवणाऱ्या ब्रूपबमध्ये टाकीतून काढलेली प्या. २००९ साली सुरू झालेल्या डुलालीपासून तिथे या बिअरची सवय रुळली आहे. आधी अर्धा ग्लास मागवा, धने आणि साल ओळखा, आणि मग सोलापुरात परत येऊन बाटली उघडा.

दोन बाटल्या घेऊन एक महिनाभर ठेवायची असेल, तर दोन्ही फ्रीजमध्येच ठेवा, एक कपाटात असं नको. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रात्रीतून गॅस जातो, आणि उरलेल्या धन्याला पुठ्ठ्याचा वास लागतो.